नक्कल न झालेल्या बाई

गणिताच्या बाईंना टोपणनाव नव्हतं. नवलच म्हणायचं, कारण त्या शाळेत पोरांच्या तावडीतून दुसरं कोणीच सुटलेलं नव्हतं. हेडमास्तर बोलण्याआधी तीनदा खाकरायचे, म्हणून ते 'खोकलेसाहेब'. कवायतीचे मास्तर गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नसावेत, म्हणून ते 'शिट्टी'. भाषेच्या बाई कविता म्हणताना डोळे मिटायच्या आणि तेवढ्यात मागच्या बाकावर डबे उघडायचे, म्हणून त्या 'समाधी'. गणिताच्या बाई मात्र नुसत्याच गणिताच्या बाई.

शाळा एवढीशी. शेवटच्या वर्गात यंदा अकरा मुलं. दरवर्षी परीक्षेआधी या वर्गाचा निरोप समारंभ व्हायचा आणि त्या एका दिवशी मुलांना सगळं माफ असायचं. शिक्षकांच्या हुबेहूब नकला व्हायच्या. शिक्षक वरवर कपाळाला हात लावायचे, पण खरं सांगायचं तर सगळे आतून वाटच बघत असायचे. शिट्टी मास्तर तर पंधरा दिवस आधीपासूनच शिट्टी जरा जास्त जोरात फुंकायचे.

इतक्या वर्षांत बाईंची नक्कल एकदाही झाली नाही. पहिली काही वर्षं त्यांना वाटलं, सुटले बाई. मग वाटलं, राहून गेलं असेल. पुढेपुढे मात्र ते मनाला लागायला लागलं. ज्याची नक्कल होते तो पोरांच्या लक्षात राहतो, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. यंदा तर त्या निवृत्त होणार होत्या. या वर्षी नाही, तर मग कधीच नाही.

"अहो, माझ्यात काहीच नाही का हो?" एका संध्याकाळी मटार सोलता सोलता त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, घरात बसून बोलायला मोकळा.

"काहीच म्हणजे?"

"म्हणजे एखादी लकब. खोड. लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी."

"खोड आणि तुझ्यात?" तो हसला. "अगं, तुझी नक्कल करायची म्हणजे पाण्याचं चित्र काढायचं."

बिचाऱ्याने कौतुक म्हणून सांगितलं होतं. बाई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. सकाळी उठल्या त्या ठरवूनच, की नसली खोड तर लावून घेऊ.

आता साठीला टेकलेल्या माणसाने नवी खोड लावून घ्यायची म्हणजे गंमतच. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भर वर्गात विचारलं, "माझा चष्मा कुठे गेला रे?" हशा पिकेल अशी त्यांची अपेक्षा होती. अकराच्या अकरा मुलं बाकांखाली शिरून चष्मा शोधायला लागली. शेवटी एका मुलीने जवळ येऊन हळूच सांगितलं, "बाई, कपाळावर आहे. तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" आणि आपली पाण्याची बाटली पुढे केली.

दोन दिवसांनी त्यांनी टेबलावर डस्टर आपटून आरोळी ठोकली, "अरे माझ्या महापंडितांनो!" डस्टरमधली सगळी पूड त्यांच्याच नाकात गेली. अशा काही शिंका सुरू झाल्या की तास सोडून द्यावा लागला. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा, ज्याला सगळे 'भोंगा' म्हणायचे आणि जो नकला करण्यात अव्वल होता, तो बाईंची पिशवी उचलून फाटकापर्यंत पोचवायला आला. "बाई, उद्या सुट्टी घ्या," तो कळवळून म्हणाला. पोरं फार गुणी निघाली की अशी पंचाईत होते. बाईंनी खोडीचा नाद सोडून दिला.

पाण्याची बाटली देणारी ती मुलगी म्हणजे 'गोगलगाय'. तिचं सगळंच सावकाश. फळ्यावर गणिताला उभी राहिली की बाकीचे जांभया द्यायचे. बाईंची मात्र एक पद्धत होती. कोणाचंही गणित चुकलं तरी त्या कधी 'चूक' म्हणत नसत. फळ्यापाशी जायच्या, बोटांवरची खडूची पूड फुंकायच्या, जिथवर जमलं असेल त्या ओळीखाली एक रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, "इथपर्यंत बरोबर आहे. इथून पुढे चल." रेघ कधी शेवटून दुसऱ्या ओळीखाली यायची, कधी पहिल्याच. गोगलगायीच्या वाट्याला तर दिवसाकाठी चारपाच रेघा यायच्या. यात वेळ जायचा, धडे मागे पडायचे, हेडमास्तर दारात येऊन खाकरून जायचे. बाईंना त्यात विशेष असं काही वाटत नव्हतं. गणित असंच शिकवायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

निरोपाच्या दिवशी दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढून सभागृह केलं. पालक आले, पोस्टातले यजमानही मागच्या रांगेत येऊन बसले. बाईंनी घरी आरशासमोर तयारी केली होती: नक्कल सुरू झाली की आधी दचकायचं, मग खोटंखोटं रागावून बोट दाखवायचं. आशा सुटत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मुलांनी आधी आपापली मालमत्ता मागच्या वर्गाला वाटून टाकली. एकाने खिडकीजवळचा बाक दिला, "खालच्या च्युइंगमसकट." एकीने उशिरा येण्याची कारणं दिली, "एकदाच वापरलेली, अगदी नव्यासारखी." कोणी कवायतीतली आपली मागची जागा दिली. मग भोंगा उठला आणि नकला सुरू झाल्या. खोकलेसाहेब झाले, शिट्टी झाली, समाधी झाली. डबे तपासणारा शिपाईही झाला. लोक पोट धरून हसत होते.

"आणि आता सगळ्यात शेवटी," भोंगा म्हणाला, "आम्ही जिला कधीच विसरणार नाही..."

बाई सरळ बसल्या. चष्मा नीट केला.

"...ती आपली घंटा! तडा गेलेली!" आणि त्याने घशातून असा फुटका आवाज काढला की छप्पर उडायची वेळ आली.

बाईही हसल्या, टाळ्याही वाजवल्या. पण त्यांना फार वाईट वाटलं. तडा गेलेल्या घंटेच्याही मागे आपला नंबर, आणि तोही लागलाच नाही.

शेवटी वर्गाच्या वतीने दोन शब्द बोलायला भोंगाच माईकपाशी उभा राहिला. हातात कागद होता. चार वाक्यं धडाक्यात झाली. पाचवं होतं, "उद्यापासून या दारातून आत येताना आम्ही पाहुणे असू." त्यातल्या 'दारातून' या शब्दाशी त्याचा आवाज अडकला. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला. कोणीतरी खुदकन हसलं. इतरांना इतकं हसवणारा तो पोरगा लालबुंद झाला आणि पाठ फिरवून निघाला.

तेवढ्यात गोगलगाय आपल्या नेहमीच्या चालीने वर आली. त्याला दंडाला धरून थांबवलं, हातातला कागद सरळ केला. मग बोटांवर फुंकर मारली, बोटांवर काही नसतानाही. जमलेल्या चौथ्या वाक्याखाली बोटाने रेघ ओढली आणि संथपणे म्हणाली, "इथपर्यंत बरोबर आहे. इथून पुढे चल."

माईक चालूच होता. सगळं सभागृह एकदम हशाने फुटलं. "बाई! अगदी गणिताच्या बाई!" याच शाळेत शिकलेला एक सुतार बाप मागून ओरडला, "फुंकर तर तश्शीच!"

"काय झालं? का हसताहेत सगळे?" बाईंनी शेजारच्या शिट्टी मास्तरांना विचारलं.

"अहो बाई, त्या तुम्ही आहात."

"मी? मी कधी असं करते?"

"रोज," मास्तर म्हणाले.

वर गोगलगाय रडवेली झाली होती. "मी नक्कल नव्हते करत, बाई. खरंच. मी घरी धाकट्या भावालासुद्धा असंच सांगते."

भोंग्याने बाहीने डोळे पुसले आणि माईक ओढून घेतला. "बाई, मी तुमची नक्कल किती वेळा करून बघितली! पण वर्गात कोणी हसायचंच नाही. सगळे आपले वह्या काढून गणित सोडवायला बसायचे!"

बाईंना दचकायचं सुचलं नाही, बोट दाखवायचंही राहून गेलं. त्या सरळ रडायलाच लागल्या. शिट्टी मास्तरांनी त्यांना आधार देऊन माईकपाशी आणलं.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, की माझं तुमच्याजवळ काही..." एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचा शब्द काही केल्या फुटेना.

अकरा मुलांनी एकमेकांकडे बघितलं. अकराही जणांनी बोटांवर फुंकर मारली.

"इथपर्यंत बरोबर आहे, बाई," सगळी एका सुरात म्हणाली. "इथून पुढे चला."