देव्हाऱ्यावरची डबी

"फॉल्ट तुमच्या घरातच आहे," हे वाक्य नोकरीत मी किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून माझी नोकरी लातूर, औसा, मधली काही वर्षं नांदेड आणि पुन्हा लातूर अशी झाली. खांबावरच्या पेटीत हँडसेट लावून बघायचा, टोन स्वच्छ असला की खाली उतरायचं आणि घरमालकाला हे वाक्य सांगायचं. एकानंही ते मुकाट्यानं ऐकून घेतलं नाही. "आमच्या घरात कसा असंल? तुमचीच तार सडली असंल," असं तोंडावर म्हणायचे. मी मनातल्या मनात हसायचो. माणसाला स्वतःच्या घरातला दोष काही केल्या दिसत नाही, असं माझं ठाम मत होतं. मीही त्या माणसांतलाच आहे हे मला मागच्या वर्षी श्रावणात कळलं.

माझी अक्का नांदेडला एकटी राहते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी अधू आणि कानांनी त्याहून अधू. मोबाइल आहे तिच्याकडे, पण तो कानातल्या मशीनजवळ नेला की अशी शिट्टी वाजते की ती घाबरून तो पलंगावर फेकते. जुन्या फोनच्या जड रिसीव्हरमधून मात्र तिला ऐकू येतं. त्यामुळे तांब्याच्या तारेवर त्या गल्लीत जे दोन-तीन फोन उरलेत, त्यांतला एक तिचा. नवी केबल घ्या असं पुष्कळांनी सांगितलं. पण केबलच्या मशीनला वीज लागते, लाइट गेली की फोनही गेला. जुना फोन आपली वीज तारेतूनच आणतो.

घरातलं वायरिंग माझ्या हातचं. नांदेडला बदलीवर असताना, तिचं घर बांधून होत होतं तेव्हाच केलेलं. मुख्य फोन बाहेरच्या खोलीत. तिथून भिंतीतून तार मधल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वर एक प्लास्टिकची डबी, आणि त्या डबीतून दोन फाटे: एक स्वयंपाकघरातल्या फोनला, एक अक्काच्या पलंगाजवळच्या फोनला. त्या कामाचा मला फार अभिमान होता. पाहुण्यांना मी ते वायरिंग दाखवत असे, आणि पाहुणे बिचारे बघत असत.

श्रावण लागला आणि पलंगाजवळचा फोन खरखर करायला लागला. ऊन पडलं की बरा, हवा ओली झाली की मुका. एका सकाळी अक्काच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. पलंगाजवळचा वाजलाच नाही. बाहेरच्या खोलीत बारीक घंटी ऐकून ती लगबगीनं उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण अर्धा चेहरा काळानिळा झाला.

भाच्यानं मला फोन केला. "मामा, आता मी ऐकणार नाही. रविवारी सकाळी आठ वाजता फोन करतो. आईनं पलंगावर बसून उचलला तर ठीक. नाहीतर गाडी काढतो आणि तिला कायमची पुण्याला घेऊन येतो."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण अक्काला पुण्याला जायचं नव्हतं. "तिथं सगळे साडेआठला बाहेर पडतेत," ती मला म्हणाली होती. "मी दार लावून बसायचं, आन् संध्याकाळी ते उघडायला उठायचं. एवढंच काम हाय तिथं मला."

शनिवारी सकाळी मी लातूरहून बस धरली. अहमदपूर, लोहा करत दुपारी नांदेडला उतरलो. पिशवीत पक्कड, टेस्टर, टेप आणि वायरचं बंडल. दोष बाहेरच्या तारेत आहे याबद्दल मला शंका नव्हती, म्हणून आधीच तक्रार नोंदवून ठेवली होती. कंत्राटावरचा लाइनमन आला, खांबावर चढला, मग दारापाशी तार सोडून बघितली.

"काका, खांबापासून दारापर्यंत लाइन एकदम क्लीन हाय. आतच हाय काहीतरी."

"आतलं वायरिंग मी केलंय," मी म्हणालो. "सगळी नोकरी हेच केलंय."

"म्हणून तर सांगून राहिलो, काका. तुमाला समजतंय."

असा राग आला मला! त्याला चहासुद्धा विचारला नाही, अक्कानंच दिला. तो गेल्यावर मी बाहेरच्या खोलीतली, मुख्य फोनजवळची डबी उघडली, आत जाणारी तार सोडवली आणि फोन कानाला लावला. स्वच्छ टोन. तार पुन्हा जोडली. खरखर. म्हणजे आतच.

एक गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. घर बांधताना मधल्या भिंतीत तार दोन हात कमी पडली होती. गवंडी प्लास्टर घेऊन उभा होता. मी घाईघाईनं दुसरा तुकडा पिळून जोडला, वर टेप गुंडाळली आणि जोड भिंतीत गाडून टाकला. जोड भिंतीत गाडायचा नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. अक्काच्या चेहऱ्याकडे बघायची मला लाज वाटायला लागली. ती पडली ती माझ्या त्या जोडामुळे, अशी माझी खात्रीच झाली.

भिंत फोडणं शक्य नव्हतं. मी बाहेरूनच, भिंतीवर खिळे ठोकत, नवी तार मधल्या खोलीपर्यंत आणली. आता ती देव्हाऱ्यावरच्या डबीत जोडली की झालं. मी स्टूल सरकवलं, तोच अक्का आडवी आली.

"थांब. एसटीतून उतरल्यापासून अंघोळ न्हाई केली तू. पारोशा हातानं देवाजवळ खटपट न्हाई करायची."

"अक्का, उद्या आठला फोन येणारे."

"मग साताला अंघोळ कर. दिवा लागलाय आता."

जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, तीच अडवत होती. शाळेत तिनं मुलांना कसं गप्प बसवलं असेल याचा मला अंदाज आला. मी गप्प बसलो.

सकाळी पाण्यासाठी मोटर चालू होईना, त्यात अर्धा तास गेला. अंघोळ करून स्टुलावर चढलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. अक्का पलंगावर, फोनकडे तोंड करून, शाळेच्या तपासणीला बसावं तशी बसलेली. मी पक्कड हातात घेतली आणि पहिल्यांदा त्या डबीकडे नीट बघितलं.

झाकणावर हळदीकुंकवाचा थर होता. एकावर एक, जाड, भिंतीवरच्या पोपड्यासारखा. स्क्रूचं डोकं शोधायला तो खरवडावा लागला. झाकण निघालं आणि आत बघतो तर लालपिवळा चिखल. स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं झिरपलेलं ओलं हळदीकुंकू, उन्हाळ्यात वाळायचं, पावसाळ्यात ओलसर व्हायचं. आतलं तांबं झिजून हिरवं पडलेलं. एक तार स्क्रूला नुसती टेकून उभी होती.

लगेच सगळं आठवलं. डबी बसवली त्या दिवशी अक्कानं विचारलं होतं, ही कशाला? मी ऐटीत म्हणालो होतो, "घरातल्या सगळ्या फोनांचा जीव हिच्यात हाय, अक्का. हिला जप." आणि तिनं जपलं. खंडेनवमीला शिलाई मशीन, कात्री, विळी यांची पूजा झाली की फुलानं पाणी शिंपडून या डबीलाही हळदीकुंकू. एकही वर्ष चुकवलं नव्हतं बाईनं.

मी स्टुलावर उभ्या उभ्या हसत सुटलो. भिंतीतला माझा जोड बिचारा निर्दोष होता! नवी तार लोंबकळत सोडून दिली. जुना ब्रश घेऊन डबी घासली, सडलेली टोकं कापली आणि सवयीप्रमाणे तारेवरचं प्लास्टिक दातांनी सोलायला घेतलं. नेमक्या त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत घंटी वाजली. भाच्यानं पाच मिनिटं आधीच फोन केला होता. घंटीचा सगळा करंट माझ्या ओठांत उतरला.

"उठू नको!" मी ओरडलो. अक्काला ते ऐकू गेलं नाही, घंटी मात्र गेली. ती पलंगाच्या कडेला हात टेकून उठायला लागली. स्क्रू आवळायला वेळच नव्हता. मी उघड्या बोटांनी तारा एकमेकींवर पिळल्या, झटके खात, दात आवळून. आणि तिच्या हाताशी असलेला फोन खणखणीत वाजला.

अक्का पुन्हा बसली. शांतपणे रिसीव्हर उचलला.

"हाव, पलंगावरच हाय. स्वच्छ येऊन राहिला तुझा आवाज. न्हाई, गाडी काढू नको. यायचं असंल तर दिवाळीला ये, लेकरांना घेऊन."

मी स्टुलावरच खाली बसलो. इतकं मोकळं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "काय झालं होतं रे?"

"स्क्रू ढिला होता. माझंच काम कच्चं."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. "स्क्रूनं बोटं लाल होतेत का?"

मग सांगावंच लागलं. मला वाटलं ती हसेल, नाहीतर ओशाळेल. तिनं पदरानं रिसीव्हर पुसला.

"डबीला कुठं कुंकू लावत होते मी," ती म्हणाली. "सणावाराला तुझी कायम ड्युटी. एका दसऱ्याला तरी आलास का तू? तुझ्या हातची वस्तू तेवढीच होती घरात."

मी पुन्हा उभा राहिलो आणि पिळलेल्या तारा स्क्रूखाली बसवल्या. मी डबीचं झाकण लावलं आणि स्क्रू नीट आवळला.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच मी नांदेडला गेलो. अक्कानं मशीनला, कात्रीला, विळीला कुंकू लावलं. माझी पक्कड आणि टेस्टर पाटावर मांडून त्यांनाही लावलं. मग मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. डबीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात पलंगाजवळचा फोन वाजला. ती सावकाश गेली, सावकाश बसली आणि मग उचलला.

"मी कुठं जाणारे? घरीच हाय," ती लेकाला सांगत होती. "मामा आलाय तुझा."