वेचणीच्या शेतात सातवीची वेबसाइट

दिवाळीच्या सुट्टीत मी पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेसाठी वेबसाइट बनवली. सातवीचा वर्ग, रोज एक धडा, खाली प्रश्न, रंगीत फोटो. शाळा सुरू झाल्यावर तिथल्या आडे सरांना फोन केला, तर अजून कोणीच उघडली नाही म्हणाले. त्या वर्षी कापसाने सगळ्यांनाच रडवलं होतं. घरची बोंडं नीट फुटलीच नाहीत, म्हणून लोक दुसऱ्यांच्या शेतात वेचायला गेलेले, पोरांना घेऊन. वर्गातली सगळ्यात हुशार कविताही आईसोबत घाटंजीकडे गेली होती. आठवीसाठी पांढरकवड्याला जावं लागतं, आणि आईने सरांना सांगूनच टाकलं होतं की वेचणीपायी पोरगी अभ्यासात मागे पडली तर पुढची शाळा नाही.

मी बॅग भरली. साइट कवितापर्यंत पोचत नाही ना, मग मी पोचते.

नागपूरहून हैदराबाद रोडने जाणारी सकाळची एसटी पकडा, ऊन चढायच्या आत पांढरकवडा येतं. तिकीट दीडशेच्या आसपास. स्टँडसमोर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे चांगलं काही मिळत नाही. तिथून घाटंजीपर्यंत मी सरांच्या मोटरसायकलवर गेले. रस्ता असा, की सरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर तुकड्यातुकड्यात.

शेतात कविताची आई शांताबाई सगळ्यात पुढच्या ओळीत होती. कमरेला कापसाची ओटी, ओटीत खोचलेला फोन, फोनवर गाणं चालू. कविता मागून येत होती. मी फोन मागून घेतला आणि साइट उघडायला लागले. ते गोल चक्कर फिरतंय, फिरतंय. शांताबाईचे हात थांबले नव्हते.

"कायले तरास करून घेतं ताई? या फोनमंदी गाणे वाजते, शाळा नाही वाजत."

इंटरनेट नाही तर गाणी आली कुठून, मी विचारलं. कविता म्हणाली, बाजारात भरून आणतो, मेमरी कार्डात.

नशीब, त्याच दिवशी घाटंजीचा बाजार होता. दुपारी वेचणी सुटली आणि आम्ही सगळे फिरोजभाईच्या मोबाइल दुकानात. वीस रुपयांत कार्ड गाण्यांनी भरून देतो. मी म्हटलं, आज धडे भरा. त्याने कॉम्प्युटरवर साइट उघडली, खालीवर केली आणि म्हणाला, "पण याले कानानं कसं आयकाचं?"

बरोबर होतं त्याचं. शेतात दोन्ही हात बोंडांवर असतात, वाचणार कोण? मग मी तिथेच, स्पीकरच्या खोक्यावर बसून, गुणोत्तराचा धडा नीट वाचून रेकॉर्ड केला. आयुष्यभर इंग्रजी मीडियम, त्यामुळे जरा जास्तच नीट. कविताने ऐकला आणि हसत सुटली.

"हे कोण बोलून राह्यलं? बातम्या लागल्या का?"

मी फोन सरांच्या हातात दिला. सर अर्धं वऱ्हाडीत, अर्धं त्यांच्या बंजारा गोरबोलीत, आईला 'याडी' म्हणत बोलायला लागले. "तुह्या याडीच्या तीन ओळी होते, तवा तुह्या दोन. याडीच्या बारा झाल्या, तर तुह्या किती?"

कविता लगेच म्हणाली, आठ.

"आठ कुठच्या," शांताबाई म्हणाली, "सहा. बाकीचा टाइम गाणे बदलवत राह्यते."

सरांनी हसत तो हिशोबही मांडून दाखवला. संध्याकाळपर्यंत पाच धडे झाले. फिरोजभाईने ते दोन-दोन गाण्यांच्या मध्ये बसवून दिले, म्हणजे कोणी पुढे ढकलणार नाही.

नागपूरला परत आल्यावर मी साइटवरचे सगळे रंगीत फोटो काढून टाकले. ते बनवायला आठवडा गेला होता, थोडं दुखलं. आता तिथे फक्त सरांचा आवाज आहे, एक धडा एक फाइल, शेवटी प्रश्न आणि खाली उत्तरांची जागा. दर बाजारी फिरोजभाई नवीन धडे उतरवून घेतो आणि कविताच्या वहीतली उत्तरं साइटवर टाइप करतो. तुम्ही गावच्या शाळेसाठी असं काही बनवणार असाल तर आधी तिथे एक दिवस ओटी बांधून वेचा. पाठ दुखेल, पण साइट चालेल.

चौथ्या बाजारी दोन सोडून सगळी उत्तरं बरोबर आली. खाली फिरोजभाईने लिहिलं होतं, "शांताबाई विचारून राह्यली, आठवीचे धडे कवा टाकता? कार्डात जागा पाहिजे म्हणून दहा गाणे काढाले लावले तिनं."