भाईदास आप्पांच्या नावाचं कुलूप

धानोऱ्यात आमच्या शेजारी सुंदरबाई काकू राहतात. तीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली. आजही त्या रस्त्यानं निघाल्या की चाळिशीतले बाप्ये विडी पाठीमागे लपवतात, कारण सगळे त्यांच्या हातची खिचडी आणि धपाटे खाऊन मोठे झालेले. अशा बाईला एका कम्प्युटरनं सहा महिने दारात ताटकळत ठेवलं, याची मला मास्तराला अजून गंमत वाटते.

निवृत्त झाल्यावर काकूंनी कानबाईची गाणी जमवायला घेतली. श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते, तेव्हा बाया म्हणतात ती गाणी. कुठं लिहिलेली नाहीत. गावात सगळ्यांत जास्त गाणी येतात ती सुगंधाबाईंना, आणि त्या नव्वदीला टेकलेल्या. 'येत्या कानबाईला पुस्तक तुमच्या हातात ठेवते,' असा शब्द काकूंनी त्यांना देऊन टाकला. काकू शब्द फार सहज देतात आणि मग आम्हा सगळ्यांना पळवतात.

सुरतेला नोकरी करणाऱ्या मुलानं, धर्मेंद्रनं, आपला जुना कम्प्युटर आईला आणून दिला. त्याला पासवर्ड घातला वडिलांच्या नावाचा. "घरात कुणी विसरणार नाही," म्हणाला. पोरगा इंजिनियर, पण आईला ओळखत नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, काकूंनी नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. अंगणवाडीच्या रजिस्टरवर सही 'सुं. भा. पाटील'. तो मधला 'भा' कुणाचा, ते साहेबांनी समजून घ्यायचं.

मी म्हणालो, "काकू, टाइप करणं म्हणजे काही नाव घेणं नव्हे."

"मास्तर, लिखताना मनमा नाव येसच ना? मन्हाघाई व्हस नही."

झालं. काकूंच्यानं ते होणार नाही; मशीन उघडायचं तर त्यांच्या नवऱ्यानं, भाईदास आप्पांनीच. बरं, दहा मिनिटं हात लावला नाही की ते पुन्हा बंद. काकू दूध उतरवायला गेल्या की बंद, शेजारणीशी बोलत बसल्या की बंद. मग गल्लीभर हाक ऐकू यायची, "अहो, आयकतस का?" आप्पा ओट्यावरून सावकाश उठायचे, टोपी सारखी करायचे आणि एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधत, स्वतःचं नाव ठोकायचे. तेवढा वेळ काकू खिडकीकडे तोंड करून उभ्या.

आप्पांना याचा कोण अभिमान! शेत धाकट्या मुलाच्या, योगेंद्रच्या हातात दिल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आता दिवसातून आठ वेळा बोलावणं. ओट्यावर ते ज्याला त्याला ऐकवायचे, "मन्हाशिवाय ते मशीन चालस नही."

जुलैत आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नंदुरबारला लेकीकडे, रोहिणीकडे, पंधरा दिवस मुक्काम. इकडे छापखान्यानं सांगितलेलं की महिनाअखेरपर्यंत पानं हवीत, नाहीतर कानबाईच्या आत पुस्तक होणार नाही. योगेंद्र दिवसभर शेतात, म्हणून दोन दिवस मी शाळेत जाता जाता मशीन उघडून दिलं. दोन्ही दिवशी ते मी शाळेत पोचेपर्यंत बंद पडलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी सरळ छापखान्यात फोन लावला आणि तिथं पानं जुळवणाऱ्या अर्शियाला बोलावून घेतलं. हे पासवर्ड विचारणंच काढून टाक, म्हणाल्या.

अर्शिया स्कूटीवर आली. खुर्ची ओढून बसली. "दोन मिनिटांचं काम, काकू. पासवर्ड सांगा."

काकू खिडकीकडे बघू लागल्या.

"पाठ आहे ना?"

"शे."

"मग सांगा की."

काकूंनी पदर सारखा केला. "बेटा, बाहेर दारवरनी पाटी वाची ले."

अर्शिया बाहेर गेली, पाटी वाचली आणि हसू दाबत परत आली. पासवर्ड काढून टाकायलाही तो आधी घालावाच लागतो; तिनं तीनदा तेच नाव टाइप केलं आणि तिन्ही वेळा काकूंनी खिडकी गाठली. मग तिनं मशीन बंद करून चालू केलं. कुणाला काही न विचारता ते उघडलं. काकूंनी त्या दिवशी एका बैठकीत चार गाणी उतरवली, आणि दूध उतू गेलं.

पंधरा दिवसांनी आप्पा काळा चष्मा लावून आले. सकाळी चहा घेऊन ओट्यावर हाकेची वाट पाहत बसले. हाक येईना. शेवटी आपणच आत गेले. समोर गाणी उघडलेली. आप्पांचं बोट तसंच वर राहिलं.

"उघडं कसं?"

"अर्शियानी काढी टाकं ते."

"बरं जयं," म्हणाले आणि बाहेर आले.

संध्याकाळी मला विचारतात, "मास्तर, आते मन्हं काय काम?" मी सवयीनं हसलो. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. आत जाऊन काकूंना सांगितलं. त्या मान खाली घालून टाइप करतच राहिल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पुन्हा हाक. "अहो, आयकतस का?"

कानबाईच्या गाण्यात घरधन्याचं नाव घ्यायची जागा असते. काकू तिथं 'अमुक' लिहिणार होत्या, म्हणजे ज्याचं घर त्याचं नाव बायांनी घालावं. ते सगळे 'अमुक' त्यांनी पुसून टाकले होते आणि पहिल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं होतं.

"आठे घरधनीनं नाव पायजे. मन्हाघाई व्हस नही. तुम्ही लिखा."

गाणी तेवीस. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत होता; मराठी टाइप करणं आप्पांना येत नाही. काकूंनी बोट धरून एकेक कळ दाखवली, पण अक्षर उच्चारलं नाही. आप्पांनी तीन दिवस घेतले. महिना संपला. अर्शियाचा फोन आला, "काकू, उशीर झाला, अमुक टाका ना! मी इथं एका मिनिटात करते."

"नको," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे मला नंतर कळलं. शब्द सुगंधाबाईंना दिलेला होता.

पुस्तक आलं ते कानबाईच्या आदल्या दिवशी. सुगंधाबाईंनी ते कपाळाला लावलं आणि उलटं धरून बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घरोघर पुस्तक बघून गाणी सुरू झाली. बाया जे छापलं ते म्हणतात. पलीकडचा धीरज तणतणत माझ्याकडे आला. "मास्तर, घर मन्हं, कानबाई मन्ही, आनि नाव आप्पानं!"

काकूंच्या घरी गाणं काकूच सांगतात, बाकीच्या मागून म्हणतात. ती जागा आली की काकू थांबतात आणि खिडकीकडे बघतात. मग बाहेर ओट्यावर बसलेले आप्पा खणखणीत आवाजात स्वतःचं नाव घालतात, आणि आत गाणं पुढं चालू होतं.