ताईच्या डाव्या पायाचा साचा

ताईला कधी एखादा बूट आवडलाय, असं झालंच नाही. धाकट्या भावानं तिच्यासाठी पहिला बूट शिवला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं, आणि आता डोक्याचं पार टक्कल झालं होतं. मधल्या एवढ्या काळात 'चांगला झालाय' हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. फार खूश असली तर म्हणायची, "बरा आहे. कमी चावतो." बाहेर लोक त्याला मास्तर म्हणत, पण घरात तो धाकटाच, साठीला टेकला तरी धाकटाच.

लहानपणी ताप येऊन ताईचा डावा पाय आखडला. पाऊल आत वळलं, बोटं एकमेकांवर चढली आणि पाय उजव्याहून आखूड राहिला. बाजारच्या बुटात चिंध्या कोंबून ती शाळेत जायची, आणि चिंध्या कोंबायचं काम धाकट्याकडे असायचं. कमी कोंबल्या तर ती ओरडायची, जास्त कोंबल्या तर मारायची. पुढे तो एका उस्तादाच्या हाताखाली जोडे शिवायला शिकला आणि वाकड्या, आखूड, बोटं गेलेल्या पायांसाठी बूट करायचं त्याचं दुकान झालं. लोकांना वाटायचं काय सेवाभाव आहे. सेवाभाव कसला, ताईच्या धाकानं माणूस धंद्याला लागला होता.

या धंद्यात सगळं असतं ते साच्यात. साचा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर कातडं ताणायचं, ठोकायचं, वाळवायचं. पण पायाची हुबेहूब नक्कल केली म्हणजे साचा झाला, असं समजणारा माणूस चार दिवसांत दुकान बंद करून घरी बसेल. पाय बसल्या जागी वेगळा असतो, चालताना वेगळा आणि संध्याकाळी सुजल्यावर आणखी वेगळा. तो कुठे दुखतो ते मापात येत नाही, माणसानं सांगावं लागतं. ताई सांगायची. करंगळीच्या मुळाशी बोचतंय म्हटलं की धाकटा साच्यावर तिथं चामड्याचा तुकडा डकवायचा, म्हणजे बुटात तेवढी जागा व्हायची. टाच सटकतेय म्हटलं की कानशीनं तिथं थोडं घासायचा. होता होता तो साचा असा गाठीगाठींचा झाला, की नवख्या माणसाला वाटावं, लाकडाला कीड लागलीय. ती कीड नव्हती, ती ताईची जन्मभराची कुरकुर होती.

माप पाहायची त्यांची एक रीत होती. ताई खुर्चीत बसायची, धाकटा तिच्या पायाशी बुटक्या स्टुलावर, मान खाली घालून. तो अंगठ्यानं बूट वरून दाबत जायचा, आणि दुखरी जागा आली की ताई त्याच्या डोक्यात टपली मारायची. बोलायची गरज नसायची. टपली जोरात बसली की दुखणं जास्त. टक्कल पडल्यावर ती म्हणाली होती, "आता आवाज छान येतो."

पुढे कानस मारून मारून धाकट्याचा खांदा गेला. हात वर होईना. तेव्हा त्यानं कॉम्प्युटर घेतला, पाय आणि साचे मोजणारं यंत्र घेतलं, आणि मोजलेल्या आकाराचा साचा कापून देणारं मशीन घेतलं. सोबत एक प्रोग्रॅम आला. भिंतभर टांगलेले सगळे लाकडी साचे त्यानं एकेक करून त्या यंत्राखाली धरले, आणि प्रत्येक पाय गाठीगोळ्यांसकट पडद्यावर उमटला. मग भिंत कशाला अडवून ठेवायची? कोपऱ्यावरचा बेकरीवाला भट्टीसाठी हातगाडी भरून साचे घेऊन गेला. उस्ताद तेव्हा हयात होता. तो दारात उभा राहून बघत होता. एवढंच म्हणाला, "एक तरी ठेव. लाकूड कुणाची परवानगी मागत नाही."

म्हाताऱ्या माणसांचं ऐकायचं, ही अक्कल आपण म्हातारे झाल्यावर येते. धाकट्यानं ताईचा साचा बाजूला काढून ठेवला होता, तोही शेवटी हातगाडीवर टाकला. पडद्यावर आहे की, केसाएवढाही फरक नाही! ताईनं ते हसण्यावारी नेलं. पुढे कितीतरी दिवस पाव खाताना ती तुकडा तोंडासमोर धरून म्हणायची, "यात माझा पाय भाजलाय."

काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. बूट झाला की मशीननं कापलेला साचाही भट्टीत जायचा, हवा तेव्हा नवा कापता यायचा. मधूनमधून पडद्यावर एक चौकट यायची. कॉम्प्युटर अपडेट करायचाय, आता करू की नंतर? धाकटा 'नंतर' दाबायचा. चालत्या गाडीला खीळ घालायची त्याची इच्छा नव्हती. पण एका सकाळी ताईच्या नव्या बुटासाठी तो साचा कापायला बसणार, तोच ती चौकट आली आणि त्याच वेळी बायकोचा फोन आला, की ताई न्हाणीघरात पडल्यात, तोंड वाकडं झालंय, लवकर या. त्यानं पडद्यावर हाताला लागेल ते दाबलं आणि दुकान उघडं टाकून पळाला. जे दाबलं ते 'आता' होतं.

ताई वाचली. पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काही म्हणायचं असलं की घशातून एक आवाज निघायचा, आणि तो कधी होकारासाठी असायचा, कधी नकारासाठी. व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी धाकट्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आता सगळा भार डाव्या पायावर आहे. रोज उभं केलं, चार पावलं चालवलं, तर चालत राहतील. एकदा अंथरुणाला खिळल्या की मग उठणं नाही. ज्या पायाला जन्मभर कुणी पाय म्हटलं नाही, त्याच्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. आणि त्या पायातला जुना बूट तर ती पडण्याआधीच निकामी झाला होता. टाच उसवली होती, तळ एका बाजूनं झिजून पार संपला होता.

धाकटा दुकानात गेला. कॉम्प्युटर नवा कोरा होऊन बसला होता, छान निळा डोंगर वगैरे दाखवत होता. प्रोग्रॅम मात्र उघडेना. 'ही आवृत्ती या प्रणालीवर चालत नाही' एवढं एक वाक्य यायचं आणि जायचं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं खटपट करून जुनी प्रणाली पुन्हा बसवली, तर प्रोग्रॅम म्हणाला, नव्यानं बसवायला कंपनीची परवानगी लागेल, आणि कंपनीनं त्या जुन्या आवृत्तीला परवानग्या देणं केव्हाच बंद केलं होतं. धाकट्याला उस्ताद आठवला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

कंपनीत फोन लावला. फोनवरची मुलगी फार गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्यांचंच धाकट्याला भय वाटायचं. प्रोग्रॅम आता विकत मिळत नाही, दर वर्षी पैसे भरायचे, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, मी एकदा विकत घेतलंय की. ती म्हणाली, हो सर, ती आवृत्ती तुमचीच आहे, फक्त ती आता चालणार नाही. जुने पाय नव्यात आणायचे तर त्याची सोय वेगळी आणि तिचे पैसेही वेगळे. घरच्या डब्यात जे पैसे होते ते व्यायामवाल्या बाईंसाठी ठेवलेले होते. धाकट्यानं दोन दिवस विचार केला. बूट नसेल तर बाई येऊन करणार काय? आणि त्यानं बाईंना यायचं थांबवलं.

बायको गप्प बसणारी नव्हती. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, मोठ्यानंच म्हणाली, "चालवणारी बाई बंद केली आणि पैसे त्या दुकानातल्या खोक्यात घातले. आता त्यांना कॉम्प्युटर चालवणार आहे का?" मधलं दार उघडं होतं. ताई पलंगावर टेकून बसली होती. तिची वाचा गेली होती, कान शाबूत होते. तिनं मान भिंतीकडे वळवली.

नवा प्रोग्रॅम आला. जुन्या पायांच्या फायली आत घेताना त्यानं विचारलं, जुन्या नोंदी स्वच्छ करून त्याच जागी साठवायच्या का? आता स्वच्छ करू का असं विचारल्यावर नको कोण म्हणेल? धाकट्यानं 'हो' दाबलं. भिंतीवरचे सगळे पाय एकेक करून पुन्हा पडद्यावर आले, आणि ताईचा डावा पाय दिसला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तोच वळलेला पंजा, तीच चढलेली बोटं. चष्मा पुसून नीट बघायचं त्याला सुचलं नाही. साचा कापून निघाला तो गुळगुळीत. त्याला वाटलं, मशीनचं पातं बदलल्याचा गुण. इतक्या वर्षांत त्याची बोटं पडद्यावर विसंबायला शिकली होती, नाहीतर त्यांनी तिथंच सांगितलं असतं.

बूट मात्र देखणा झाला. ताईला त्यानं पलंगाच्या कडेला बसवलं, बूट चढवला, बंद बांधले, काखेत हात घालून उभं केलं. ती खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हसली. अर्धंच तोंड हसलं, पण हसली. आयुष्यात पहिल्यांदा ताईला बूट आवडला होता. धाकटा इतका हरखला, की दुकानात जाऊन त्यानं समोरच्या घड्याळवाल्याला चहा पाजला.

नंतरचे काही दिवस ती खिडकीपर्यंत जायची, मग टेबलापर्यंत जाऊ लागली, मग पलंगाभोवतीच. दमली असेल, असं धाकट्याला वाटायचं. दर वेळी ती मान हलवून हसायचीच. एक दिवस बायको कपडे धुताना उठून बाहेर आली. तिच्या हातात ताईचा मोजा होता. करंगळीच्या मुळाशी तो रक्तानं कडक झाला होता. तिनं मोजा त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

त्यानं दुकानात जाऊन साचा हातात घेतला, डोळे मिटले आणि बोटं फिरवली. करंगळीच्या मुळाशी गाठ नव्हती. टाचेला खाच नव्हती. घोट्याखालचा उंचवटा, अंगठ्याजवळचा फुगवटा, कुठेच काही नव्हतं. वाकडा होता, पण अगदी शिस्तीत वाकडा. त्यानं पुन्हा फोन लावला. मुलगी तीच होती की दुसरी, कोण जाणे, गोडी तीच होती. ती म्हणाली, मोजणीत जे अनावश्यक उंचवटे आलेले असतात, ते नवी आवृत्ती चूक समजून आपोआप काढून टाकते. एकदा हो म्हटल्यावर जुनी नोंद राहत नाही.

"ती चूक नव्हती हो," धाकटा म्हणाला. मुलीनं विचारलं, आणखी काही मदत करू का सर?

त्यानं जुन्या बुटात प्लॅस्टर ओतून पाहिलं. बूट इतका फाकला होता, की हाती आली ती कुणाच्याच पायाची नसलेली एक पिशवी. शेवटी माळ्यावरची कानस काढली, तो गुळगुळीत साचा शिकंज्यात आवळला आणि नव्यानं सुरुवात करायची ठरवली. खांदा ठणकत होता. करंगळीची जागा मोज्यानं दाखवली होती, तिथं चामडं डकवलं. बाकीच्या जागा? काही अंदाजानं आठवत होत्या, काही नाही. त्या जागा त्यानं कधी डोक्यात ठेवल्याच नव्हत्या. त्या लाकडात होत्या, आणि ताईच्या जिभेवर.

त्या साच्यावर ताणून बूट सैल करून तो घरी आला. ताईला खुर्चीत बसवलं, बुटकं स्टूल ओढलं आणि नेहमीसारखा मान खाली घालून तिच्या पायाशी बसला. अंगठ्यानं दाबत दाबत निघाला. "बोचलं की मार," तो म्हणाला. "डावा हात आहे ना चांगला? मार."

टाचेपाशी दाबलं. काही नाही. घोट्याखाली दाबलं. पाय किंचित आखडल्यासारखा वाटला, तिथंच त्यानं अंगठा दाबून धरला आणि वाट पाहिली. वर बघायचं त्याचं धाडस होईना. "मार की ताई. अगं, पैसे गेले ते गेले. तू काही मनात आणू नकोस. नुसतं मार, मला जागा कळू दे."

तिच्या घशातून आवाज निघाला, होकाराचा की नकाराचा कळलं नाही. मग तिचा डावा हात वर आला. धाकट्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. हात त्याच्या टकलावर टेकला आणि हळूहळू मागेपुढे फिरू लागला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. बुटात तिचा पाय थरथरत होता, आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.