सुनेला माहेरी धाडलं

बायकोला पोटाचा कॅन्सर होता. तंजावरच्या डॉक्टरनं सांगितलं, आता घरी न्या, दुखलं की हे औषध द्या, यांची कूस बदलत राहा. आणलं घरी. मुलगा परदेशात, तो फोनवर रडायचा. घरात उरलो मी आणि सून.

त्याआधी सून माझ्यासमोर बसतसुद्धा नव्हती. आमच्या घरची जुनी रीत. पण कूस बदलायला दोन माणसं लागतात. हिच्या अंगाखाली माझी जुनी नेसायची वेष्टी घातलेली, एक टोक सुनेच्या हातात, एक माझ्या. "मामंजी, उचला," म्हणायची. मी उचलायचो. ही कण्हायची. असे कितीतरी महिने. मग ही गेली.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, म्हातारा घट्ट आहे. घट्ट कसला? आत काही हलतच नव्हतं.

तेरावा झाला तरी सून जेवायला बसेना. उभ्यानं दोन घास, कान हिच्या खोलीकडे. रिकामी खाट रोज पुसायची. एकदा फडकं हातात धरून तशीच उभी राहिली, भात करपून धूर झाला तरी हलली नाही. तेव्हा मला भीती वाटली. एक गेली, आता दुसरी पण जाईल.

म्हटलं, "तिरुवैयारूला आईकडे जा."

"मासिक श्राद्ध व्हायचंय, मामंजी. स्वयंपाक?"

"आचारी करील."

माझी थोरली बहीण आलेली होती, ती कडाडली, "वर्षाच्या आत घरची सून बाहेर धाडतोस? दिवा कोण लावील रे?"

"मी लावीन. काडी ओढायला अक्कल लागत नाही."

"म्हणून तर तुला जमेल!"

बोलू दे म्हटलं. सुनेला घेऊन बसमध्ये बसलो.

वर्षाच्या आत दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही, म्हणून व्याह्यांच्या दाराबाहेर तिण्णैच्या ओट्यावरच टेकलो. विहीणबाई लेकीकडे बघतच राहिल्या. म्हटलं, "हिला खायला घाला, झोपू द्या. काही विचारू नका."

सून आत गेली. थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, लहान पोरीसारखं. आमच्याकडे ती एकदाही रडली नव्हती. विहीणबाई आत धावल्या.

मी जरा वेळ बसून ऐकलं. मग बसकडे चालू लागलो.