झोपलेल्या डासांबरोबर कॅलिफोर्नियात

मागच्या सीटवर थर्माकोलची दोन खोकी आधी बसली, त्यांना बेल्ट लागला, आणि उरलेल्या जागेत मी बसले. गाडी चालवत होती मृणाल, माझी भाची. ती इथे किड्यांवर पीएच.डी. करते. खोक्यांतल्या नळ्यांमध्ये हजारो डास होते, थंड करून झोपवलेले.

"मावशी, घाबरू नकोस. सगळे नर आहेत, नर चावत नाहीत," ती म्हणाली. "एक्स-रे देऊन त्यांना नापीक केलंय. माद्यांशी जुळले तरी अंड्यांतून काही निघत नाही. मग डास हळूहळू कमी होतात."

"म्हणजे आपण वरातच घेऊन चाललोय म्हण की!"

"हो, पण नवरदेव जिवंत पोचले पाहिजेत. पहिल्यांदाच एकटीवर सोपवलंय. हे मेले तर माझं या उन्हाळ्यातलं सगळं काम फुकट."

शहर मागे पडलं आणि वाळक्या गवताचे पिवळे डोंगर सुरू झाले. लांब उतारावर काळ्या गाई चरत होत्या. रस्ता वळणं घेऊ लागला. मला गाडी लागते, म्हणून मी पोटलीतला भीमसेनी कापूर हुंगत होते. हात अवघडला की पोटली शेजारच्या खोक्यावर ठेवत होते.

"कसला वास येतोय गं?" मृणालने विचारलं.

"कापराचा. चांगला आहे, आपल्याकडचा."

"कापूर? अगं मावशी, डास पळवायलाच लावतो ना आपण तो!"

तिने गाडी गॅस स्टेशनवर (पेट्रोलपंपावर) घेतली. पोटली कचऱ्याच्या डब्यात टाकली, चारही दारं उघडली आणि भर उन्हात खोक्याला कान लावला.

"काही ऐकू येतंय का?" मी हळूच विचारलं.

"झोपलेत, आवाज कसा येईल? झाकण काढलं तर थंडावा जाईल." ती म्हणाली. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

पुढे काचा खाली करूनच गेलो. भट्टीसारखा वारा तोंडावर येत होता. घाटात शेवटी मला उलटीसाठी उतरावंच लागलं. "नवरदेव गाढ झोपलेत आणि करवलीलाच गाडी लागली," मृणाल म्हणाली. थट्टा करत होती, पण स्टेअरिंगवरची तिची पकड सैल झाली नव्हती.

पलीकडच्या गावात बैठी घरं होती आणि अंगणांत संत्र्याची झाडं. एका झाडाच्या सावलीत मृणालने नळी बाहेर काढली. तळाशी काळ्या तिळांसारखा ढीग होता. काहीच हललं नाही.

"ऊब लागू दे," ती स्वतःशीच पुटपुटली आणि दुसरी नळी माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही तळव्यांत धरली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या अंगणातून झाडांना पाणी घालणारी एक म्हातारी आली. तिने काहीतरी विचारलं. मृणालचं लक्ष नव्हतं. म्हातारीने नळीकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या दंडावर चापट मारून दाखवली. मी परक्यांपुढे मराठीतसुद्धा बोलत नाही. पण ती थांबूनच राहिली.

"नो बाइट," मी म्हणाले. "ओन्ली हजबंड."

ती खो खो हसली आणि भराभरा काहीतरी बोलली. मी नळीकडे पाहिलं तर ढिगात एक पाय हलला. मग दुसरा.

"मृणाल, उठले गं!"

झाकण काढताच ते पातळ धुरासारखे वर निघाले आणि पानांत शिरले. मृणालने माझ्या गळ्यात उडीच मारली. मग आम्ही दोन्ही खोकी रिकामी करत सगळी गल्ली फिरलो.

म्हातारीने आम्हाला घरी नेलं. ती मूळची मेक्सिकोची. गरम टॉर्टिया (मक्याची पातळ भाकरी), घेवडा आणि हिरव्या मिरचीची झणझणीत चटणी मी पोटभर जेवले. मघाशी ती काय बोलली ते मृणालने सांगितलं, "म्हणाली, माझाही चावत नाही, नुसता बसून असतो." कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हातारबुवांनी हात वर केला.

निघालो, तर गल्लीच्या टोकाशी माझ्या मनगटावर एक डास बसलेला दिसला. खोक्यातून निसटला असावा. सवयीने माझा दुसरा हात उठला.

"मारू नकोस! आपला आहे!" मृणाल ओरडली.

तिने गाडी थांबवली. मी काच खाली केली आणि मनगट बाहेर धरलं. तो सावकाश पाय झाडत बसला होता. आजवर किती डास मारले असतील, पण एकालाही असं नीट पाहिलं नव्हतं. पायांवर बारीक पांढरे पट्टे होते, कुणी बसून रंगवल्यासारखे. मागून गाडी आली, तिने हॉर्न दिला. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. तो उडून संत्र्यापर्यंत पोचला, तेव्हाच मी हात आत घेतला.