घोळक्याभोवतीची रेघ

माझी बायको ताऱ्यांवर संशोधन करते. परवा चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो, तर स्क्रीनवर दोन आलेख शेजारी शेजारी उघडे होते. डावीकडे तारे आकाशात दिसतात तसे. उजवीकडे तेच तारे, कोण कुठल्या दिशेला किती वेगानं चाललाय ते दाखवणारे. डावीकडच्या एका दाट घोळक्याभोवती तिनं माउसनं गोल रेघ ओढली. तेवढे ठिपके उजवीकडे केशरी झाले आणि पार विखुरलेले निघाले.

"गेलं," ती म्हणाली. "वर्षभर मी यांना एका कुटुंबातले, एकाच दिशेनं चाललेले समजत होते. एकमेकांचे कुणी नाहीत रे हे. जाता जाता जवळ दिसतात, इतकंच."

नक्षत्रांना नावं देणाऱ्यांनी तरी दुसरं काय पाहिलं होतं? चहा तिच्या हाताशी ठेवून मी बाहेर आलो.

संध्याकाळी आम्ही दोघं आणि मुलगी, नेहमीसारखे एकाच टेबलाशी जेवायला बसलो. आमटीचं भांडं मुकाट्यानं इकडून तिकडे फिरलं. खिडकीतून कुणी पाहिलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. आमच्याभोवती मात्र कुणी रेघ ओढू नये, एवढंच मला शेवटच्या घासापर्यंत वाटत राहिलं.